अक्षरांची काटकसर

गोल्फ म्हटलं, की आम्हां पनवेलकरांना खारघरचं सिडकोचं हिरवंगार मैदान आठवतं. पण नवीन पनवेलात राहणारा आमचा भाचा जो गोल्फ खेळतो, त्याला मैदान लागत नाही की टोपी. लागतो तो कॉम्प्युटर आणि रात्रीचं जागरण. नाव कोड गोल्फ. तिथं कमीत कमी फटक्यांत चेंडू घालवायचा, इथं कमीत कमी अक्षरांत प्रोग्रॅम लिहायचा. एक अक्षर वाचलं, की हा गृहस्थ सत्यनारायण घालायच्या बेतात येतो!

साहेबाचं खूळ म्हणून हसायची सोय नाही. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे ‘परिभाषेन्दुशेखरा’त नोंदवणारे नागोजीभट्ट काळे आपलेच, काशीतले मराठी पंडित. आणि २०१३ साली तार बंद होईपर्यंत आपण सगळेच हा खेळ पदरचे पैसे मोजून खेळलो. ‘मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली’ एवढ्या चार शब्दांत अख्खं घर एसटी स्टँडकडे धावे.

कला म्हणून मात्र माझी तक्रार आहे. पाणिनीची सूत्रं छोटी, कारण ती पाठ करायची होती. तरी पतंजलीला त्यांवर महाभाष्य लिहावं लागलंच. भाच्याचा प्रोग्रॅम कोणी पाठ करत नाही, आणि चार दिवसांनी त्याचा त्यालाही तो लागत नाही. काहींनी तर या खेळापायी भाषाच नव्या काढल्या. २००७ सालच्या गोल्फस्क्रिप्टमध्ये एका चिन्हात अख्खी यादी क्रमानं लागते. हे म्हणजे भाजीवाल्याचं दुकान विकत घेऊन कोथिंबीर फुकट मिळवण्यापैकी झालं. याची थट्टा २००१ सालीच होऊन गेली होती. एचक्यूनाइनप्लस नावाची चार आज्ञांची भाषा. ‘एच’ लिहिलं की पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’. अधिकचं चिन्ह लिहिलं, की एक आकडा एकानं वाढतो, पण तो बघायची सोय नाही. (आमच्या बचतीवरच्या व्याजाचंही असंच असतं.)

एका गोष्टीसाठी मात्र मी या मंडळींना मानतो. स्पर्धा आटोपली, की बहुतेक जण आपली उत्तरं उघडी करतात, कुठं कशी कात्री लावली तेही सांगतात. हरलेला ते वाचून आणखी दोन अक्षरं कापतो, आणि जिंकलेलाच त्याची पाठ थोपटतो. आमच्या आळीत लोणच्याची कृती मागून बघा! एक जिन्नस हमखास गाळलेला.

भाच्याला विचारलं, “अरे, ऑफिसातही असंच लिहितोस?”

“छे मामा! तिथं ऐसपैस लिहायचं. पुढचा माणूस वाचणार असतो ना.”

“मग खेळात उत्तरं वाटता, ती वाचणारा माणूस नसतो वाटतं?”

यावर उत्तर आलं ते एका अक्षराचं. “हं.”