टेरेलबाईंचे परदेशवृत्त : परभाषेचा आश्रय आणि त्याच्या मर्यादा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आत्मचरित्रांत मेरी चर्च टेरेल यांच्या ‘अ कलर्ड वुमन इन अ व्हाइट वर्ल्ड’ (१९४०) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यातील युरोपविषयक भाग सामान्यतः मुक्तीची कहाणी म्हणून वाचला जातो. मायदेशी पदोपदी वर्णभेद आणि परदेशी मोकळा श्वास, असा त्या वाचनाचा मथितार्थ असतो. हे वाचन चुकीचे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. ही मुक्ती कोणत्या अटींवर लाभली, हा प्रश्न त्यात अस्पर्शित राहतो.

टेरेलबाईंचा जन्म १८६३ साली मेम्फिस येथे झाला. आईवडील दोघेही पूर्वायुष्यात गुलामगिरीत होते. १८८४ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयाची पदवी मिळविल्यानंतर १८८८ ते १८९० या काळात त्यांनी पॅरिस, लोझान, बर्लिन व फ्लॉरेन्स येथे राहून अध्ययन केले. रोजनिशीही फ्रेंच व जर्मन भाषांत लिहिली. वरवर पाहता हा विद्यार्थिनीचा सराव होय. तथापि, ज्या भाषेतील शब्दांनी लहानपणापासून आपली पायरी दाखविली, त्या भाषेबाहेर जाऊन स्वतःशी बोलण्याची सोयही त्यात होती, हे नजरेआड करून चालणार नाही.

हा आश्रय मात्र अभंग नव्हता. अमेरिकन प्रवासी व विद्यार्थी जेथे जेथे गाठ पडत, तेथे तेथे मायदेशीचा वर्णद्वेषही हजर होई. शिवाय टेरेलबाईंचा वर्ण उजळ असल्याने युरोपीय लोकांना त्यांचा वंश सहसा ओळखू येत नसे. म्हणजे मिळालेल्या सौजन्याचा काही भाग तरी या न ओळखण्याचे फळ होता.

१९०४ सालच्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. अमेरिकेतून येणाऱ्या ‘डी नेगेरिन’ची, म्हणजे ‘त्या निग्रो स्त्री’ची, लोकांना उत्सुकता होती, आणि तिची चौकशी ते खुद्द टेरेलबाईंजवळच करीत होते. येथील निश्चयवाचक उपपद व स्त्रीलिंगी प्रत्यय लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यांच्या योगाने एक व्यक्ती नाहीशी होऊन एक नमुना उरतो. इंग्रजी भाषणांना श्रोते कंटाळल्याचे पाहून टेरेलबाईंनी आपले भाषण जर्मन भाषेत केले व ते गाजले. ज्या स्त्रीविषयी इतर बोलत होते, ती श्रोत्यांच्याच भाषेत ‘मी’ म्हणून उभी राहिली. या यशाचे मर्म भाषाप्रभुत्वाहून अधिक या पुरुषबदलात आहे.

परंतु त्याच वर्षी जर्मन साम्राज्य नैर्ऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, हेरेरो लोकांचा संहार करीत होते. बर्लिनमधील टाळ्या आणि आफ्रिकेतील तोफा यांचा एकत्र विचार केल्यावाचून या प्रकरणाचे मूल्यमापन पुरे होत नाही. व्यक्तीचा गौरव हा तिच्या वंशाविषयीच्या न्यायाचा पुरावा ठरत नाही.

या संदर्भात ॲना ज्यूलिया कूपर यांचे उदाहरण तुलनेस उपयोगी पडते. त्याही १८८४ च्याच ओबर्लिन पदवीधर. १९२५ मध्ये सॉर्बोन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. क्रांतिकाळातील फ्रान्सची गुलामगिरीविषयक भूमिका हा त्यांच्या फ्रेंच प्रबंधाचा विषय होता. टेरेलबाईंनी परभाषेत आपली बाजू मांडली. कूपरबाईंनी परभाषेत त्या भाषेच्या स्वामींचाच इतिहास तपासला.

टेरेलबाईंनी युरोपात कायमचे राहण्याचा मोह टाळला व स्वजनांच्या कार्यासाठी त्या परतल्या. आत्मचरित्र लिहिले ते पन्नास वर्षांनंतर, आणि इंग्रजीत. एका भाषेत टिपलेला अनुभव दुसरीत सांगताना त्याची मांडणी बदलते. म्हणून रोजनिशी व आत्मचरित्र ताडून पाहिल्याशिवाय या ‘मुक्ती’विषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.