ऐरणीवर न टिकणारे दगड

माझ्या कपाटात रत्नांवरची सतरा मराठी पुस्तके आहेत. अप्पा बळवंत चौकातून, फुटपाथवरून, रद्दीच्या दुकानांतून पंचवीस वर्षांत जमवलेली. काही ज्योतिषाच्या अंगाने लिहिलेली, काही आयुर्वेदाच्या, दोन-तीन सराफी व्यवहाराच्या. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या ही यादी आता मला झोपेतही म्हणता येईल. पण कात्रजला माझ्या गच्चीवरून जो डोंगर दिसतो, त्यातला एकही खडा या सतरा पुस्तकांत नाही.

ही तक्रार त्या लेखकांविरुद्ध नाही. त्यांनी परंपरेने दिले ते प्रामाणिकपणे पुढे दिले. प्रश्न परंपरेच्या नजरेचा आहे आणि या लेखात तीच तपासायची आहे. मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षे काम केले. माल आला की कुठून आला, कधी आला, कोणत्या फळीवर ठेवला हे बिन कार्डावर लिहायचे, एवढीच माझी विद्या. तिचा उपयोग पुढे दिसेल.

आधी डोंगराविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून आपला काळा खडक तयार झाला. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिले आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. कात्रज घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्यावर पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. ठिपका मोठा असला की त्याचे दालन होते. त्यात अबोली रंगाच्या पेंढ्यांसारखा स्टिल्बाइट असतो, कापसाच्या तंतूंसारखा मेसोलाइट असतो, चौकोनी मनोऱ्यासारखा अपोफायलाइट असतो.

पाषाण भागातला अपोफायलाइट कच्च्या कैरीच्या गरासारखा हिरवा निघाला आणि जगभर गाजला. वाघोलीच्या खाणींत कॅव्हॅन्साइट मिळाला, मोरपिशी निळ्या सुयांचे गोळे. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले आणि १९७३ साली शास्त्रीय नियतकालिकात त्याचे वर्णन आले. पण जगातले उत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. पुण्याचे हे दोन्ही रंग, तो हिरवा आणि तो निळा, एकाच मूलद्रव्यामुळे येतात. त्याचे नाव व्हॅनेडियम. इतकी मोठी गोष्ट शहराच्या दोन टोकांना असून रत्नांवरच्या आपल्या लेखनात तिचा मागमूस नाही. असे का?

पहिले उत्तर वराहमिहिराकडे सापडते. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. अनेक रत्नांची नावे घेऊन त्याने हिरा, मोती, माणिक आणि पाचू या चारांचीच सविस्तर परीक्षा दिली. वर्णन देखणे आहे. कोसलच्या हिऱ्याला तो शिरीषाच्या फुलाची उपमा देतो. त्याच यादीत तो म्हणतो की शूर्पारकाचा हिरा काळा असतो. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपाऱ्याजवळचे सोपारा. तिथला खडक तोच सह्याद्रीचा काळा खडक आहे आणि त्यात हिरा होत नाही. सोपारा हे बंदर होते. म्हणजे ग्रंथकाराने जिथे दगड विकला जात होता ते गाव लिहिले, जिथे तो जन्मला ते नव्हे. स्टोअरच्या भाषेत सांगायचे तर पुरवठादाराचे नाव कारखान्याच्या रकान्यात पडले.

ही चूक पुरातन म्हणून सोडून देता येत नाही, कारण आजही ती चालू आहे. परदेशांतल्या संग्रहांत आपल्या दगडांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असते. तो दगड पाषाणचा की वाघोलीचा, खंडाळ्याचा की आणखी कुठला, हे त्यावरून कळत नाही. पुणे या दगडांचे सोपारा झाले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज खनिजशास्त्रज्ञांनी इथल्या एका खनिजाला ‘पूनालाइट’ असे नावही दिले होते. पुढे ते स्वतंत्र खनिज नसल्याचे, मेसोलाइट-स्कोलेसाइटच्याच कुळातले असल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. आपल्या शहराच्या नावाचे खनिज आले आणि गेले, तरी मराठी रत्नग्रंथांना त्याची वार्ता नव्हती.

दुसरे उत्तर ऐरणीवर आहे. तुकोबांचा ऐरणीवरच्या हिऱ्याचा अभंग कोणाला ठाऊक नाही? घणाखाली टिकतो तो खरा, ज्याचा चुरा होतो तो खोटा. अभंग माणसाच्या कसोटीविषयी आहे आणि तिथे तो अढळ आहे. पण ही प्रतिमा रत्नविद्येतून आली आणि आपण ती दगडांनाही खरी मानली. वस्तुस्थिती उलटी आहे. हिरा सर्वांत कठीण आहे याचा अर्थ त्यावर दुसऱ्या कशाने ओरखडा पडत नाही, इतकाच. त्याला चार दिशांनी पाटन आहे, म्हणजे त्या दिशांनी तो सरळ दुभंगतो. ऐरणीवर घण बसला तर अस्सल हिराही फुटतो. कठीण असणे आणि चिवट असणे हे दोन वेगळे गुण आहेत. फ्रीडरिख मोस याने १८१२ साली दहा पायऱ्यांचे मापन मांडले, ते फक्त पहिल्या गुणाचे आहे.

इथे जाणकार वाचक मला अडवील. तो म्हणेल, रत्न म्हणजे टिकणारा दगड. तुमचा अपोफायलाइट मोसच्या मापाने साडेचार ते पाच, कॅव्हॅन्साइट तीन ते चार. अंगठीत बसवला तर महिनाभरात धूसर होईल. मग रत्नग्रंथात त्याला जागा का द्यावी? आक्षेप रास्त आहे आणि बराच काळ मला तो निरुत्तर करीत असे. मग एके दिवशी मी नवरत्नांची कठिनता ओळीने लिहून काढली. मोती अडीच ते साडेचार. पोवळे तीन ते चार. दोन्ही आपल्या अपोफायलाइटपेक्षा मऊ. मोत्याला घाम बाधतो, अत्तर बाधते, तरी तो नवरत्नांत पहिल्या रांगेत बसतो आणि त्याला मलमलीत गुंडाळून जपण्याची रीत घरोघर असते. तेव्हा कठीणपणा ही खरी अट कधीच नव्हती. खरी अट बाजाराची होती. ज्याचा भाव ठरला, त्याच्या नाजूकपणाला आपण जपणूक म्हटले. ज्याचा ठरला नाही, त्याच्या नाजूकपणाला दोष.

या दोषाची किंमत मी स्वतः मोजली आहे. वीसेक वर्षांपूर्वी वाघोलीच्या एका जुन्या खाणकामगाराने मला मेसोलाइटचा तळहाताएवढा गुच्छ दिला. सुरुंग उडाल्यावर पोकळी उघडी पडली तेव्हा त्याने तो बनियनमध्ये गुंडाळून आणला होता. तो अशा सगळ्याच स्फटिकांना ‘काच’ म्हणे, पण कोणती काच खाणीच्या कोणत्या उंचीवर लागते हे त्याला नेमके माहीत होते. गुच्छावर धूळ होती. माझ्या सतरा पुस्तकांतल्या एकात खडे स्वच्छ करण्याची कृती होती : कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, डाग असल्यास सौम्य आम्ल. मी ती केली. ब्रशखाली सुया आडव्या झाल्या आणि आम्लाने उरलेल्यांचा चिकट लगदा झाला. पुस्तक चुकीचे नव्हते. ते माणकासाठी लिहिलेले होते. आणि तो दगड कोणत्या थरातला, हे त्या कामगाराला विचारून लिहून ठेवायचे मी राहूनच गेलो. जन्मभर बिन कार्ड लिहिणाऱ्याने!

तेव्हा आपल्या दगडांच्या जपणुकीविषयी मराठीत चार ओळी असाव्यात म्हणून लिहितो. झिओलाइट कुळातल्या खनिजांच्या रचनेतच पाणी असते. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट याने असा दगड तापवला तेव्हा तो फेसाळला; म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. अपोफायलाइट झिओलाइट नव्हे, पण तोही तापला की पापुद्रे सोडतो आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. म्हणून यांना ऊन, दिव्याची उष्णता आणि आम्ल वर्ज्य. सुयांच्या गुच्छाला ब्रश लावू नये, रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी. लॉमोंटाइट नावाचे भावंड तर कोरड्या हवेतच पाणी सोडून पीठ होते. माझ्या खणात एका डबीत आता फक्त ते पांढरे पीठ आहे.

राहिला नावांचा प्रश्न. मराठीला दगडांची नावे ठेवता येत नाहीत असे नाही. गार, गारगोटी हे शब्द आहेत, कारण चकमकीने विस्तव पाडायला ती लागे. शिरगोळा आहे, कारण त्याची रांगोळी होते. अकीक आहे, कारण त्याचे मणी होतात. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तिथे याच कुळातल्या दगडांची पाती आणि मणी मिळाले. पहिल्या शतकातला ग्रीक ‘पेरिप्लस’ पैठणहून असाच दगड भडोचला जात असल्याचे सांगतो. काळ्या खडकाची कठीण लेकरे कामाला आली, त्यांना नाव मिळाले. मऊ लेकरे बिननावाची राहिली.

तरी एक शब्द आहे आणि तो रत्नपारख्याचा नाही. विहीर खणणारे ठिपक्या-ठिपक्यांच्या या खडकाला मांजऱ्या म्हणतात. ग्रंथांतही मांजर आहेच : लसण्याला संस्कृतात बिडालाक्ष म्हणतात, मांजराचा डोळा. पारख्याने मांजर पाहिले ते अंगठीत, विहीरवाल्याने पाहिले ते जमिनीखाली. पाणी कुठे लागेल हे सांगायला त्याला तो शब्द हवा होता. माझ्या मते आपल्या खनिजांवरचे मराठी लेखन या दुसऱ्या मांजरापासून सुरू व्हायला हवे.

त्याची पायाभरणी झालेली आहे. १९७६ पासून निघालेल्या मराठी विश्वकोशाने पाटन, कठिनता, कस, चमक असे शब्द रुळवले. त्याच्या नोंदी कोरड्या आहेत, पण त्यांत फलश्रुती नाही आणि माझ्यासारख्या बिनपदवीच्या माणसाला त्यांनी बोट धरून चालवले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या सुखेस्वाला यांनी दख्खनच्या झिओलाइटांवर मोलाचे संशोधन केले, बेर्टोल्ड ओटेन्स या जर्मन अभ्यासकाने २००३ साली दख्खनच्या खनिजांचा विस्तृत आढावा घेतला. ही दोन्ही कामे इंग्रजीत आहेत. विश्वकोशाची परिभाषा, वराहमिहिराची रंग पाहण्याची नजर आणि खाणकामगाराची थरांची माहिती, या तिन्ही गोष्टी एका मराठी पुस्तकात अजून एकत्र आलेल्या नाहीत.

आणि वेळ फार नाही. खाण बंद झाली की खड्डा भरतो, वर इमारत उभी राहते. दगड परदेशात काचेच्या कपाटात राहील, पण तो कोणत्या थरातून निघाला हे सांगणारा माणूस राहणार नाही. मला मेसोलाइट देणारा आता नाही.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना तिला रत्नांतल्या निळ्या हिऱ्याची उपमा दिली. ती वाचताना मला हल्ली वाघोलीचा निळा दगड आठवतो. ज्या भाषेला ही उपमा मिळाली, तिच्यात त्या दगडाला नाव नाही. नाव मी देऊ शकत नाही. ते वापरातून येते. म्हणून निवृत्तीनंतर मी एक वही घातली आहे. खाणीत काम केलेले जे कोणी भेटतील, त्यांना खाण, थर, साल आणि ते त्या दगडाला काय म्हणत हे विचारून लिहितो. आतापर्यंत एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘काच’ असेच आहे. तेही तसेच लिहून ठेवतो.