सूत्रधाराविना मांडलेला डाव

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला. त्यात पट असलाच तर नावापुरता, खरा खेळ बोलण्याचा. चार-पाच जण टेबलाभोवती बसायचे, कुणी योद्धा व्हायचा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि एक जण ‘डंजन मास्टर’, म्हणजे सूत्रधार. भुयारात काय दिसतंय ते तो सांगणार, राक्षसांच्या वतीने फासेही तोच टाकणार. एखाद्याने ‘मी राक्षसाला लाच देऊन बघतो’ अशी नियमांत नसलेली युक्ती काढली, तर तिथल्या तिथे निवाडाही त्याचाच.

या खेळाचं सगळं गणित, म्हणजे कुणाच्या अंगात किती ताकद उरली, तलवारीचा घाव किती बसला, पुढच्या पायरीला किती अनुभव हवा, कॉम्प्युटरला सहज जमण्यासारखं होतं. सूत्रधार मात्र जमण्यासारखा नव्हता. लाच घेणारा राक्षस आधीच लिहून ठेवला नसेल, तर यंत्राच्या लेखी तशी लाच अस्तित्वातच नाही. ऐंशीच्या दशकातल्या रोल-प्लेइंग गेमकडे, म्हणजे आरपीजीकडे, मी याच अंगाने बघतो. ड्रॅगन आणि जादू सगळ्यांची सारखीच होती. सूत्रधाराची रिकामी खुर्ची कुणी कशी भरली, यावर त्यांची प्रत ठरली.

सुरुवात विद्यापीठांत झाली, आणि तीही चोरून. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक कॉम्प्युटर-जाळ्यावर १९७५ साली एक भुयारी खेळ उगवला. त्याचं नाव ‘पेडिट५’, कारण लेखकाच्या वाट्याला आलेल्या फाइलचं नावच ते होतं. अभ्यासाच्या जागेत खेळ सापडला की व्यवस्थापक तो पुसायचे, आणि तो पुन्हा यायचा. पुढे १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि नंतर केन अरनॉल्ड यांनी ‘रोग’ लिहिला. चित्र म्हणून नाहीच: नायक म्हणजे ॲटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं. पण भुयार दर वेळी नवं, आणि मेलात की संपलं, कारण साठवलेला डाव पुन्हा उघडताच त्याची फाइल पुसली जायची. सूत्रधाराच्या खुर्चीत इथे नशिबाला बसवलं होतं. ‘रोग’ची सर पुढच्या कितीतरी देखण्या खेळांना आली नाही, असं माझं मत आहे, पण तो मुख्यतः युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या वर्तुळात राहिला, म्हणून या दशकाची गोष्ट त्याच्यावरून पुढे सरकली नाही.

ती सरकली ‘विझर्ड्री’ने. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे कॉर्नेल विद्यापीठातले दोघे, प्लेटोच्या खेळांवर पोसलेले. १९८१ साली सर-टेक कंपनीने त्यांचा खेळ ॲपल टूवर आणला. सहा पात्रांची टोळी घेऊन दहा मजले खाली उतरायचं, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा. पडद्याच्या एका कोपऱ्यात काळ्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेली भिंत दिसायची, बाकी सगळा मजकूर. कुठे अंधाराचे पट्टे, कुठे पाय ठेवताच नकळत तोंड फिरवणाऱ्या चौकटी, कुठे दुसरीकडेच नेऊन टाकणारे सापळे. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढल्याशिवाय दुसरा मजला पार होणं कठीण. खलनायकाचं नाव वर्डना आणि वेड्या राजाचं ट्रेबर, म्हणजे दोघा लेखकांची नावं उलटी केलेली. विद्यार्थीपणाचा हा वात्रटपणा खेळभर आहे, आणि तो मला आवडतो.

मात्र ‘विझर्ड्री’ थट्टा करत नाही ती मरणाची. पात्र मेलं की लगेच फ्लॉपीवर नोंद. सगळी टोळी खाली पडली, तर तिचे देह तिथेच. नवी टोळी उभी करून ते आणायला जायचं. देवळात पैसे भरून जिवंत करायची सोय आहे, पण विधी फसला तर प्रेताची राख होते, आणि राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचं गेलं. आठवडे घालवून वाढवलेला मांत्रिक असा एका सेकंदात जायचा. म्हणून नोंद लिहिली जाण्याआधीच ड्राइव्हमधून फ्लॉपी ओढून काढायची चलाखी लोक करत. म्हणजे पात्राला बोलायला एक वाक्य नाही, चेहरा नाही, भूतकाळ नाही, तरी त्याच्यासाठी माणूस यंत्राशी लबाडी करायला तयार. कथा नसताना जीव लावणं कसं घडतं याचा हा धडा मला त्या काळच्या कुठल्याही संवादलेखनापेक्षा मोलाचा वाटतो. दुसरी बाजूही सांगायला हवी: मधले बरेच तास निव्वळ हमाली आहे. त्याच त्या खोल्यांत तेच ते राक्षस मारून अनुभवाचे आकडे वाढवायचे. जुन्या खेळांचे भक्त हे सोसणं तपश्चर्येच्या खाती टाकतात, मी टाकत नाही.

रिचर्ड गॅरियटचा मार्ग वेगळा. टेक्सासमधला हा मुलगा, वडील ओवेन गॅरियट अंतराळवीर. शाळेतल्या टेलिटाइपवर ‘डी अँड डी’च्या, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या, नावाने अठ्ठावीस खेळ लिहून झाल्यावर त्यातून ‘अकलाबेथ’ निघाला आणि तो काम करत असलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकला गेला. १९८१चा ‘अल्टिमा’, ८२चा दुसरा आणि ८३चा तिसरा भाग ही उमेदवारीच म्हणायची: जग मोठं, उत्साह अफाट, चव संमिश्र. पहिल्या भागात तलवारींच्या जगातून मध्येच अवकाशयानांची लढाई निघते!

मग त्याने स्वतःची ओरिजिन ही कंपनी काढली आणि खेळणाऱ्यांची पत्रं थेट त्याच्या हातात पडू लागली. आपल्या जगात लोक काय करतात ते त्याला कळलं: गावकऱ्यांना मारतात, दुकानं लुटतात, आणि शेवटी नायक म्हणून मिरवतात. हे खेळ सैतानी आहेत अशी पालकांची ओरडही होतीच. उत्तर म्हणून १९८५ साली ‘अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार’ आला. अवताराची कल्पना त्याने हिंदू परंपरेतून उचलली. अध्यात्माच्या देवस्थानी जपायचा मंत्र तर चक्क ओम आहे. या खेळात खलनायक नाही. मारायचं कुणाला नाही, बनायचं आहे: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी आणायचे आणि मग पाताळात उतरून ज्ञानाचा ग्रंथ पाहायचा. पात्र घडवतानाही फासे नाहीत. एक भविष्यवाली बाई दोन गुणांपैकी एक निवडायला लावणारे पेच घालते आणि उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरतं.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट आठवावा. त्यातही सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. पण तिथे शिडी मिळणं कवड्यांच्या हाती; गॅरियटच्या पटावर ती कृतीच्या हाती. वनौषधी विकणाऱ्या बाया आंधळ्या आहेत. किती नाणी ठेवायची ते तुम्ही टाइप करता. कमी ठेवलीत तरी माल मिळतो, कुणी हटकत नाही, आणि कितीतरी तासांनी प्रामाणिकपणाच्या देवस्थानी कळतं की कुणीतरी बघत होतं. लढाईतून पळालात तर शौर्य घटतं, रक्तदान केलंत तर त्याग वाढतो, बोलताना बढाई मारलीत तर नम्रता जाते. सूत्रधाराची खुर्ची इथे खऱ्या अर्थाने पहिल्यांदा भरली, आणि तीही न बोलणाऱ्या साक्षीदाराने. चौसष्ट किलोबाइटांच्या यंत्रावर हे साधणं ही या दशकातली सर्वांत मोठी कल्पक झेप होती.

खोट कुठे आहे? साक्षीदार आतून कारकूनच निघतो. प्रत्येक गुणामागे लपलेला एक आकडा, आणि तो नव्याण्णवपर्यंत चढतो. भिकाऱ्याला एक नाणं टाका, शंभर टाका, करुणा तेवढीच वाढते. एकदा ही मेख कळली की सदाचार म्हणजे हिशेबाची वही होते. गॅरियटला हे टोचलं असावं, कारण १९८८च्या पाचव्या भागात ब्लॅकथॉर्न नावाचा सत्ताधारी हेच आठ गुण कायद्याने लादतो, खोटं बोलणाऱ्याची जीभ छाटायचा हुकूम काढतो, आणि नायकाला आपल्याच शिकवणीच्या विरोधात उभं राहावं लागतं. स्वतःच्या गाजलेल्या कृतीवर इतकी कडक टीका त्याच मालिकेत करणारा लेखक साहित्यातही रोज भेटत नाही.

अमेरिकेतला बाकीचा पसारा भराभर बघू. १९८५चा ‘बार्ड्स टेल’ म्हणजे रंगीत चित्रांचा ‘विझर्ड्री’. जॉन व्हॅन कॅनेगमचा ‘माइट अँड मॅजिक’ (१९८६) जवळजवळ एकट्याच्या बळावर उभा राहिला, हे त्याचं मुख्य कौतुक. १९८७चा ‘डंजन मास्टर’ अटारी एसटीवर आला आणि त्यात भुयार थांबेना: तुम्ही विचार करत बसलात तरी राक्षस चालत येतो, मशाल विझते, भूक लागते. १९८८चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा अधिकृत परवाना घेऊन आला, लढाईचे डावपेच फारच चोख, माणसं पुठ्ठ्याची.

यांत ‘वेस्टलँड’ (१९८८) वेगळा काढायला हवा. अणुयुद्धानंतरचं अमेरिकेचं वाळवंट. फ्लॉपीत मजकुराला जागा पुरेना म्हणून परिच्छेदांची छापील पुस्तिका सोबत दिली होती. पडदा म्हणायचा, अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. ही युक्ती ‘टेंपल ऑफ ॲपशाय’ने १९७९ सालीच वापरली होती, पण ‘वेस्टलँड’च्या पुस्तिकेत खोटे परिच्छेदही पेरलेले, आगाऊ वाचणाऱ्याला चकवायला. बंद दार कुलूप खोलून उघडा, खांद्याने फोडा, नाहीतर रॉकेटने उडवा; टेबलाभोवतीच्या त्या निवाड्याच्या सर्वांत जवळ गेलेला हा खेळ. एका मुलाचा हरवलेला कुत्रा शोधायला जाता, तो पिसाळलेला निघतो आणि त्याला मारावं लागतं. अनुभवाच्या आकड्यांनी ती खंत भरून निघत नाही.

जपानमध्ये याच काळात प्रश्नच दुसऱ्या अंगाने विचारला गेला. युजी होरी हा ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात लिहिणारा पत्रकार. १९८३ साली अमेरिकेतल्या ॲपलच्या प्रदर्शनात त्याने ‘विझर्ड्री’ पाहिला. आलेखाचा कागद, जाडजूड मॅन्युअल, कीबोर्ड, यांतलं काहीच फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्राच्या कंट्रोलरवर चालणारं नव्हतं, आणि खेळणारी होती शाळकरी पोरं. होरी आणि कोइची नाकामुरा यांनी ‘अल्टिमा’चा वरून दिसणारा नकाशा घेतला, ‘विझर्ड्री’ची समोरासमोरची लढाई घेतली आणि उरलेलं बरंचसं फेकून दिलं. चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचं. २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बाजारात आला.

अख्खा खेळ चौसष्ट किलोबाइटांत बसवलेला. जागा वाचवायला नायकाचं तोंड कायम पुढेच. डावीकडे चाललात तरी तो तुमच्याकडेच बघतो, आणि कुणाशी बोलायचं तर आधी दिशा निवडावी लागते. पण पहिला प्रसंग बघा. राजाची बंद खोली, काही पेट्या, एक कुलूपबंद दार, एक जिना. बोलणं, पेटी उघडणं, किल्ली लावणं, जिना उतरणं, हे सगळं केल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. मॅन्युअलची गरजच संपली. बाहेर आलात की पाण्यापलीकडे खलनायकाचा किल्ला समोरच दिसतो, हाकेच्या अंतरावर, आणि तिथे पोचायला सगळं जग पालथं घालावं लागतं. मेलात तर राजासमोर पुन्हा उभे राहता. निम्मं सोनं जातं, कमावलेला अनुभव राहतो. ‘विझर्ड्री’चा यम इथे वडीलधारा झाला. कडक समीक्षक याला पातळ करणं म्हणतात. मला हे सूत्रधारीचंच दुसरं रूप वाटतं, नवख्याला हात धरून नेणारं. किंमत मोजावी लागली ती निवडीची. ड्रॅगनराजा शेवटी निम्मं जग देऊ करतो आणि तुम्ही खरोखर हो म्हणू शकता, हा एक सुंदर अपवाद सोडला तर कथा रुळावरून हलत नाही.

डाव साठवायची सोय नव्हती म्हणून वीस हिरागाना अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ वहीत उतरवायचा. दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला, आणि एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. १० फेब्रुवारी १९८८ला तिसरा भाग आला तेव्हा कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती गेल्या, शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांच्या बातम्या झाल्या.

डिसेंबर १९८७मध्ये दोन दिवसांच्या अंतराने ‘फायनल फँटसी’ आणि ‘फँटसी स्टार’ आले. पहिल्याचा प्रोग्रामर नासिर गेबेली मूळचा इराणी, ॲपल टूवर नाव कमावून जपानला गेलेला. खेळ देखणा, पण त्याची खरी ओळख पुढच्या दशकात घडली. रिएको कोदामा यांच्या चित्रांनी नटलेला सेगाचा ‘फँटसी स्टार’ त्या वर्षी सरस होता: नायिका आलिस, भावाच्या खुनाचा बदला, आणि भुयारात खरोखर पुढे सरकल्याचा भास. दशक संपता संपता जाहिरातलेखक शिगेसातो इतोई याने ‘मदर’ (१९८९) लिहिला. तलवारीऐवजी बेसबॉलची बॅट, कधीच न दिसणारे वडील फोनवरून डाव साठवून देतात आणि बँकेत पैसे टाकतात, आणि शेवटचा शत्रू गाणं म्हणून हरवायचा. राक्षस मारून मोठं होण्याच्या या सगळ्या कलेची एवढी प्रेमळ चेष्टा आधी कुणी केली नव्हती.

आपल्याकडे यातलं फारसं पोचलं नाही. ऐंशीच्या अखेरीस आणि नव्वदीत मुंबई-पुण्याच्या घरांत फॅमिकॉमच्या नकला आल्या, त्यांच्या ‘नव्याण्णव खेळांच्या’ कार्ट्रिजांवर मारिओ होता, कॉन्ट्रा होता, रणगाडे होते. जपानी मजकुराचे, बॅटरीवर डाव साठवणारे, एकट्याने महिनाभर खेळायचे आरपीजी त्यात कोण घालणार?

आज अडचण तेवढी नाही. ‘अल्टिमा ४’ अधिकृतपणे फुकट मिळतो. त्याच्यासोबतच्या दोन पुस्तिका आधी वाचा, नाहीतर मंत्र करता येणार नाहीत. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ २०२४ साली नव्या रूपात आला आहे, तो सुरुवातीला बरा. त्याच वर्षी डिजिटल एक्लिप्सने पहिला ‘विझर्ड्री’ही जुन्या कोडवरच नव्याने उभारला. त्यात हवं तर ॲपल टूचा मूळ पडदा कोपऱ्यात दिसतो आणि जुने जाचक नियम सैल करायची सोयही आहे. नकाशा काढून देणारी सोय खुशाल वापरा. एमुलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, मूळ खेळ लावलात तर कुठेही थांबून डाव साठवता येतो. ते बटण मात्र वापरू नका, कारण मग देवळातल्या पुजाऱ्याला पैसे मोजताना हात थरथरणार नाही, आणि ‘विझर्ड्री’त त्याखेरीज फारसं काही नाही.