थांबण्याची फांदी

मुलांच्या गेमबद्दल आपल्या बायकांत बोलणं निघालं की दोनच गोष्टी होतात. डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो. दोन्ही खऱ्या आहेत. पण गेमच्या आत काय सांगितलं आहे, हे कुणी विचारत नाही. पुस्तक असतं तर आपण आधी चाळलं असतं, मग मुलाच्या हातात दिलं असतं. म्हणून इथे मी एका गेमकडे पुस्तकासारखंच बघणार आहे. 'सिव्हिलायझेशन सिक्स' हे त्याचं नाव. फिरॅक्सिस या अमेरिकन कंपनीने तो २०१६ साली काढला. हाच गेम घेण्याचं कारण एवढंच की त्यात चंद्रगुप्त मौर्य आहे. आपला चंद्रगुप्त.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये तुम्ही एक गाव वसवता. पाळीपाळीने शेतं, खाणी, बाजार, सैन्य वाढवत अंतराळयुगापर्यंत यायचं. या प्रवासाचा नकाशा म्हणजे दोन झाडं. एक तंत्रज्ञानाचं, त्यात मातीकाम, सिंचन, घोडेस्वारी असं पुढे पुढे. दुसरं समाजव्यवस्थेचं, त्यात कायदे, राज्यपद्धती, विचार. ही दोन झाडं वेगळी ठेवली हे मला आवडलं. माणूस नुसता हत्यारांनी शहाणा होत नाही, एवढं तरी या गेमला कळतं.

आता प्रश्न समतोलाचा. रोम, चीन, भारत, पोर्तुगाल यांना एकाच पटावर बसवायचं तर कुणी जन्मतः हरलेला नको आणि कुणी जन्मतः जिंकलेला नको. म्हणून प्रत्येकाला वेगळी शक्ती आणि वेगळा काळ दिला आहे. भारताला घोडेस्वारी आली की हत्ती मिळतो, त्याच्या नुसत्या जवळ असण्याने शत्रूचं बळ घटतं. सिंचन आलं की बारव मिळते. पोर्तुगालला समुद्राचे नकाशे काढता आले की त्यांचं खास जहाज मिळतं. स्वयंपाकात तिखट, मीठ, आंबट जसं हाताच्या अंदाजाने जुळवतो, तसंच हे काम. आणि ते मेहनतीने केलेलं आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण तागडी बरोबर असली तरी तिच्यात काय घातलं आणि काय बाहेर ठेवलं, हे बघावं लागतं.

भारताला या गेममध्ये सुरुवातीला गांधीजी मिळाले. त्यांच्या शक्तीचं नाव सत्याग्रह. जे त्यांच्याशी लढतील त्यांची प्रजा युद्धाला दुप्पट कंटाळते. अहिंसेला आकड्यांत बसवण्याचा हा प्रयत्न मला खरोखर हुशारीचा वाटतो. मग २०१८ मध्ये 'राइज अँड फॉल' हा पुढचा भाग आला आणि त्यात चंद्रगुप्त आला. त्याच्या शक्तीचं नाव अर्थशास्त्र. लष्करी शिक्षणाचा टप्पा गाठला की तो राज्यविस्तारासाठी युद्ध पुकारू शकतो, आणि पहिल्या दहा पाळ्या त्याचं सैन्य जास्त चालतं, जास्त जोराने मारतं. संगणक त्याला खेळवत असेल तर शेजारी जवळ आलेला त्याला खपत नाही.

म्हणजे देश एकच, पण शांती एका माणसाकडे आणि युद्ध दुसऱ्याकडे. वाटणी झाली, समतोल साधला.

आपली परंपरा काय सांगते? हाच चंद्रगुप्त राज्य मुलाच्या हाती देऊन भद्रबाहूस्वामींच्या मागे दक्षिणेला गेला. श्रवणबेळगोळच्या लहान डोंगरावर त्याने सल्लेखना घेतली. तो डोंगर आजही चंद्रगिरी म्हणवतो आणि वर चंद्रगुप्त बस्ती उभी आहे. इतिहासकार यातल्या कशाकशावर वाद घालतात, तो त्यांनी घालावा. मुद्दा असा की गेमने जे दोन माणसांत वाटलं, ते आपण एकाच माणसात बघत आलो. ज्याने मिळवलं त्यानेच सोडलं. गेममधला चंद्रगुप्त मात्र पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत तसाच राहतो. हजारो वर्षं जगतो, विमानं बांधतो, पण त्याला वैराग्य काही येत नाही.

त्या भागाचं नावच उदय आणि पतन. पतनाचा त्यांनी नीट विचार केला आहे. राज्य अंधारयुगात गेलं आणि तिथून सावरून सुवर्णयुगाला पोचलं, तर त्याला वीरयुग म्हणतात आणि जास्तीचा लाभ देतात. पडण्याचीही भरपाई आहे. सोडण्याची मात्र नोंदच नाही. पडणं आणि सोडणं यांतला फरक आपल्या पाठशाळेतलं लहान पोरही सांगेल.

धर्मांच्या तयार यादीतही तेच. बौद्ध, हिंदू, शीख, पारशी आहेत, जैन नाही. हवं तर नाव स्वतः लिहून नवा धर्म काढा. आमच्या डिचोली तालुक्यात कुडणे गावी जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. सैन्याशिवायही एक समाज इथे नांदून गेला, याची ती खूण. अशांना पटावर घर नसतं.

दुसरी गोष्ट खाणीची, आणि ती लाटंबार्सेत बसून लिहिताना टाळता येत नाही. गेममध्ये डोंगरावर खाण काढली की उत्पादन वाढतं. शेजारच्या घरांची शोभा थोडी कमी होते, एवढीच शिक्षा. खाण कधी संपत नाही. तिला लागून बारव बांधली तरी पाणी आटत नाही. २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या भागात कोळसा जाळला तर समुद्र चढतो, हे त्यांनी आणलं, चांगलं केलं. पण खड्ड्याचा हिशोब राहिलाच. शिरगाव, मुळगावच्या बायकांना विचारा. विहिरी कशा कोरड्या पडल्या, पावसात शेतात लाल गाळ कसा उतरला, ते त्या सांगतील. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. थांबायला कोर्ट लागलं, कारण आतून थांबण्याची कुणाला सवयच नव्हती.

यावर कुणी म्हणेल, अहो, गेम आहे तो, त्यात लढाई नको तर काय भजन? बरोबर आहे. आणि आपले सगळे पूर्वज काही हातात पिंछी घेऊन फिरत नव्हते. खारवेल लढला. ज्या चामुंडरायाने गोमटेश्वर उभा केला, तो गंगांचा सेनापती होता. म्हणूनच आपल्या शास्त्रात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार मांडले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटवताना होते ती वेगळी, शेती-व्यापारात होते ती वेगळी, घर राखताना होते ती वेगळी, आणि मनात ठरवून केली ती वेगळी. पहिल्या तिन्हींत जपून वागायचं, चौथी सोडायचीच. हाही एक समतोलच आहे. चंद्रगुप्ताला विस्तारासाठी दिलेली शक्ती त्यात कुठे बसते, हे प्रत्येकीने स्वतः ठरवावं. गेममध्ये हा फरक अजिबात नाही असं नव्हे. कारण नसताना युद्ध केलं तर इतर राजे नाराज होतात. पण ती लोकांच्या नाराजीची किंमत आहे, स्वतःच्या मर्यादेची नाही.

आपल्याकडे त्या मर्यादेला नाव आहे, परिग्रहपरिमाण. इतकं पुरे, याच्या पुढे नको, असं श्रावकाने आधीच ठरवायचं. झाडाला ही फांदी जोडणं अशक्य नाही. चंद्रगुप्ताला अर्ध्या खेळात राज्य सोपवण्याची मुभा द्या. युद्धाचा जोर जाईल, त्या बदल्यात संस्कृती आणि श्रद्धा वाढेल. जिंकणंही कठीण व्हायला नको, कारण संस्कृतीने आणि धर्माने जिंकण्याच्या वाटा तिथे आहेतच.

पण गेमवाल्यांना बोलण्याआधी जरा आपल्या घरातही बघू या. आपल्याकडे त्याग कोण करतं? दशलक्षणात उपवास कुणाचे, आणि दिवाळीला वहीत मागच्या वर्षीपेक्षा मोठा आकडा कुणाला हवा? रस सोडायचा, हिरवी भाजी सोडायची, रात्रीचं जेवण सोडायचं, ते बहुतेक बायकांच्या ताटातून. दुकान किती पुरे, जमीन किती पुरे, हे परिमाण किती घरांत मोठ्याने बोललं जातं? मुलगा रोज बघतो की आई सोडते आणि वडील वाढवतात. शांती एकीकडे, विस्तार दुसरीकडे. अगदी गेमसारखीच वाटणी. मग त्याला तो चंद्रगुप्त खोटा का वाटावा?

गेम वाईट नाही. कष्टाने बनवलेला आहे आणि त्यातून मुलं भूगोल, व्यापार, नावं शिकतात. माझं म्हणणं इतकंच, की तो खेळणाऱ्या मुलाच्या शेजारी कधी तरी अर्धा तास बसा. त्याची किती शहरं झाली, अजून किती हवीत, आणि किती झाली की तो पुरे म्हणेल, हे त्याला विचारा. त्याने उलट तोच प्रश्न आपल्या दुकानाबद्दल विचारला, तर त्याला गप्प करू नका.