झाकणांची साडी आणि ओटीचे वस्त्र

मुंबईच्या कलावंत शर्मिला सामंत यांचे १९९८-९९ मधील मांडणशिल्प म्हणजे कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे धातूच्या कड्यांनी जोडून सिद्ध केलेली साडी होय. १९७७ साली भारतातून निघून गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये परतली, हा संदर्भ कलाकृतीमागे उभा आहे. जागतिकीकरणाने परंपरा गिळली, असा तिचा अर्थ सहज लावता येतो. परंतु तो अपुरा वाटतो. खरी मेख ‘हॅन्डमेड सारी’ या नावात आहे. झाकण यंत्रावर घडते आणि क्षणात फेकले जाते. ते वेचून, एकेक कडी गुंफून कोयरी उमटविणारे श्रम मात्र विणकराच्या जातकुळीचे आहेत.

गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या गावी या शिल्पाचे आणखी एक वाचन संभवते. नदीची वा देवीची ओटी भरताना वाहिलेले वस्त्र मुळात नेसण्यासाठी नसतेच. सामंत यांची साडीही नेसता येत नाही. आज तर कृत्रिम धाग्याचा स्वस्त खण न शिवताच एका ओटीतून दुसरीत फिरत राहतो (हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे). म्हणजे विधी आणि बाजार यांची गाठ घालायला शीतपेयाची गरज नव्हती. एक उणीव मात्र जाणवते. ओटीतले वस्त्र दिले की देणाऱ्याचे राहत नाही. पत्र्याची साडी कलादालनात जपली जाते. तिथे तिला कोणी हातही लावत नाही.