अभिप्रायापूर्वी मूळ पालि

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये ‘महाबोधी’ नियतकालिकातील परीक्षणाने तो धोकादायक ठरविला. आक्षेपक म्हणतात, बाबासाहेबांनी बुद्धचरित्र बदलले. वर्षावासात काटोलसारख्या गावांतील विहारांत ग्रंथ श्रद्धेने ऐकणारे उपासक आक्षेपाची दखलच घेत नाहीत. मूळ पालि मात्र दोन्ही पक्ष क्वचितच पाहतात.

गृहत्यागाचा प्रसंग घ्यावा. वृद्ध, रोगी, प्रेत व परिव्राजक ही चार दृश्ये दीघनिकायातील महापदानसुत्तात विपस्सी बुद्धांच्या चरित्रात येतात. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात भगवान स्वतःचा गृहत्याग सांगतात. तेथे ती नाहीत. म्हणजे बाबासाहेबांनी ती नाकारणे साधार आहे. परंतु रोहिणीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह अट्ठकथेत बोधिप्राप्तीनंतर येतो. तो गृहत्यागाचे कारण मानणे हे अनुमान होय. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्त त्यास बळ देते. धर्मानंद कोसंबींनीही त्याच सुत्ताचा आधार घेतला होता. तथापि अनुमान म्हणजे सिद्ध इतिहास नव्हे.

एवढे मान्य केल्याने ग्रंथास उणेपणा येत नाही. केवळ गुरूविषयीच्या आदरापोटी काहीही स्वीकारू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. हा निकष आक्षेपकांइतकाच आपल्यालाही लागू आहे.