वारली: नक्षी की कुणाचा तरी हात?

आता वारली चित्राकडे वळू या. कपावर, उशीच्या अभ्र्यावर दोन त्रिकोणांचा माणूस दिसला की आपण लगेच म्हणतो, ‘परंपरा!’ हा शब्द जरा तपासू.

लग्नघरी चौक लिहितात (वारल्यांत चित्र ‘लिहितात’ बरं का) तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाने. मधे पालघाट देवी. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी कागद पुढे केला. जिव्या सोमा म्हसे त्यावर विधीबाहेरचं, स्वतःच्या मनातलं काढू लागले. त्यांचं मासेमारीचं जाळं पाहा. बारीक बारीक रेघांनी जवळजवळ अख्खा कागद भरतो, आणि एकही रेघ मेलेली नाही. शैली वारल्यांची, पण हात म्हसेंचाच.

डिझायनर उचलतो तो नुसता त्रिकोण. मग तारप्याभोवती एकाच मापाचे पन्नास नाचे, कॉपी-पेस्ट! ना चौक, ना देवी, ना तो हात. हुसेनच्या चित्राला आपण कधी ‘शहरी कला’ म्हणून मोकळे होतो का? मग इथेच चित्रकाराचं नाव का गळतं? ‘परंपरा’ म्हटलं की मानधन कुणाला द्यायचं, हा प्रश्नच उरत नाही, हे त्यामागचं साधं गणित. भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण ते ‘वारली’ या नावाला जपतं, सहीला नव्हे.